रेडोबा अजून वरच आहे

रेडोबा फुग्याला लटकून वर गेला तेव्हा मी पहिलीत होते. आता दहावीत आहे, आणि तो अजून वरच आहे.

तुम्ही ‘उलटीपालटी वाडी’ बघितली नसेल तर सांगते. कार्टून होतं. मूळ कुठल्या तरी थंड देशातलं, कारण वाडीत बारा महिने बर्फ पडायचा, पण आपल्याकडे ते मराठीत करून लावायचे. त्यात बकुळा नावाची शेळी होती, ती दिसेल ते खायची. दोन कोंबडे होते, सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नसत. आणि रेडोबा होता. वाडीतल्या एकुलत्या एक बसचा कंडक्टर. बस कधीच वेळेवर सुटायची नाही आणि दर वेळी चूक रेडोबाचीच निघायची. शेवटच्या भागात जत्रेत पैज लावून तो एका भल्यामोठ्या फुग्याला लटकतो. बकुळा दोर खाते. फुगा सुटतो. खाली सगळे माना वर करून उभे, आणि वरून रेडोबा ओरडतो, “अरं, कुनीतरी खाली घ्या रं मला!” मग पडद्यावर अक्षरं येतात, पुढे काय झालं ते पाहा पुढच्या भागात.

पुढचा भाग आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला केसांच्या तेलाची जाहिरात लागली, अर्धा तास. मी अर्धा तास ती बघितली. मला वाटलं, तेल संपलं की रेडोबा येईल.

माहिरा म्हणते सगळ्याच विनोदी कार्टूनांचं असं होतं. माहिरा म्हणजे माझ्या बाकावरची. तिनं यावर फार विचार केलाय, कारण तिचे अब्बा कुवेतला असतात आणि त्यांनी लहानपणी तिला पाठवलेल्या सगळ्या सीडी अर्ध्या मालिकांच्या होत्या. रडक्या मालिकेत शेवटी लग्न तरी लावतात, कोणाला तरी मारतात तरी. कार्टून मात्र नुसतं बंद करतात. दुकानाचं शटर ओढावं तसं. आत कोण राहिलं ते कोणी बघत नाही. “हसायचं झालं ना तुमचं? मग जा घरी,” असं माहिरा त्या चॅनलवाल्यांच्या आवाजात म्हणते.

पण मला जास्त लागलं त्याचं कारण वेगळं. रेडोबाचा आवाज माझ्या मामाचा होता.

रघूमामा आईचा धाकटा भाऊ. राहतो पेणला. तरुणपणी नाटकात काम करायचा, त्यातून कोणीतरी त्याला मुंबईच्या स्टुडिओत नेलं. तिथं दिलेल्या कागदावर रेडोबा पुस्तकातलं मराठी बोलत होता, “कृपया सुटे पैसे द्यावेत” वगैरे. मामानं पहिल्याच दिवशी ते आपल्या खाडीकडच्या बोलीत करून दाखवलं. काचेपलीकडचा माणूस हसून हसून खुर्चीवरून घसरला, आणि तेव्हापासून बर्फात राहणारा तो रेडा “सुट्टं दे गो बाय, नायतर उतर खाली” असं बोलायला लागला.

मालिका बंद पडल्यावर मामाला तसं काम परत मिळालं नाही. पण आवाज होता ना! पेण, वडखळ, रोहा, कुठंही कबड्डीचे सामने असोत, माईकवर रघूमामाच. आमच्या गावात, रोह्याजवळच्या वरशात, सामने झाले तेव्हा मी मैदानाकडे पाठ करून नुसती त्याला बघत बसले होते. चढाई करणारा पोरगा अजून मधल्या रेषेवर असायचा आणि मामाचा आवाज त्याच्या पुढं पळायचा. शेवटी पोरं ओरडायची, “रेडोबा, रेडोबा!” मग मामा त्या आवाजात एक वाक्य टाकायचा आणि मैदान उठायचं.

मी लहान असताना मामा घरी आला की त्यानं चप्पल काढायच्या आत विचारायचे, “मामा, रेडोबा खाली आला?”

“आला ना! काल वडखळला उतरला. अलिबागच्या फाट्यावर बसची वाट बघत हुता.”

“मग?”

“मग काय, बस वेळेवर आली. घाबरला आन पुन्यांदा वर गेला.”

दर वेळी वेगळं. कधी रेडोबा मिठागरात उतरून खारट झालेला असायचा, कधी रोह्याच्या पुलाला अडकलेला. मला ते सगळं खरं वाटायचं आणि खोटंही वाटायचं. मी म्हणायचे, “असं नाय, खरा शेवट सांग.” तो म्हणायचा, “खरा शेवट कंपनीकडं हाय गो. कंपनीच बंद पडली.”

आता जे सांगायचंय ते मला नीट सांगता येईल का माहीत नाही.

दर वर्षी सामन्यांचा हंगाम संपत आला की मामाचा आवाज बसतो. दर वर्षी मामी त्याला हळदीचं दूध देते, दर वर्षी आम्ही हसतो. या वर्षीही बसला. आणि कसा बसला! जाड, खरखरीत, तळातून आलेला. सगळे म्हणाले, यंदा तर एकदम ओरिजनल रेडोबा. शेवटच्या सामन्याला लोकांनी त्याच आवाजात तीन-तीनदा वाक्यं म्हणायला लावली. मामा स्वतः खूश होता. “इतकी वर्सं घसा ताणून काडायचो गो हा आवाज,” मला म्हणाला, “आता आपसूक निंगतोय.” पाऊस आला, हंगाम कधीच संपला, तरी तो आवाज राहिला. कोणालाच काही वाटलं नाही. आपल्याच माणसाचा आवाज बिघडला, तर आम्हाला तो जास्त आवडायला लागला होता.

मग त्याला पाणी गिळताना दुखायला लागलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गाठ आहे, आणि स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. जीव वाचेल. आई फोनवर नुसती “सगळं?” एवढंच परत परत विचारत होती. फोन ठेवून ती भांडी घासायला बसली. ती घासलेलीच होती.

ऑपरेशन मंगळवारचं ठरलं. आणि मी ठरवलं की त्याच्या आधीच्या रविवारी रेडोबा खाली येणार.

नववीच्या गॅदरिंगमध्ये मी सूत्रसंचालन केलं होतं. त्याआधी मी हजेरीलाही “हजर” म्हणताना लाल व्हायचे. पण त्या दिवशी लाइट गेली, माईक बंद पडला, आणि मी तशीच मोठ्यानं बोलत राहिले तर मागच्या भिंतीपर्यंतची माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. तेव्हापासून मला वाटतं की आपण नीट ठरवलं की काहीही होतं. तर मी ठरवलं. शेवट मी लिहिणार, मामा बोलणार, फोनवर रेकॉर्ड करायचं, माहिरा त्याच्यावर चित्रं लावणार. ती काढते छान. म्हणजे आवाज जाण्याआधी त्यातला सगळ्यात चांगला आवाज आपल्याकडे राहील, आणि रेडोबाही सुटेल.

“तू लिहिणार?” माहिरा म्हणाली. “बाई तुझा निबंध वाचून दाखवतात ना, तो चांगला असतो म्हणून नाय. तास भरून निघतो म्हणून.”

“तू चित्रं काढ गप.”

“काढते गो. पण मामांना विचारलंस?”

“विचारते ना.”

“म्हणजे आधी ठरवलंस, आता विचारणार. तू पुढारी हो भाविका, शाळा सोड.”

मी तीन पानं लिहिली. फुगा हळूहळू रिकामा होतो आणि रेडोबा थेट पेणमध्ये येतो. खाली गच्चीवर बायकांनी पापड वाळत घातलेले. तो “बाजूला व्हा, बाजूला व्हा” ओरडतो आणि बायका म्हणतात, “आधी पाय धू!” शेवटी धपकन आवाज, आणि रेडोबाचं शेवटचं वाक्य: “आलो रं आलो! पापड मोडलं, पन रेडा शाबूत हाय!”

रविवारी सकाळच्या गाडीनं मी पेणला गेले. मामा ओट्यावर बसला होता, गळ्याला मफलरसारखा गुंडाळलेला टॉवेल. मी पानं दिली. त्यानं वाचली. पापडांच्या ओळीशी त्याचे खांदे हलले.

कुंदामामीला ते पटलं नाही. “डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय,” ती म्हणाली. “तुला कळतं का गो काय? नाटकं सुचतात.”

“कुंदे,” मामा म्हणाला. त्याचा आवाज आता खरखरही राहिला नव्हता, फाटक्या भात्यातून निघावा तसा होता. “मंगळवारनंतर गप्पच बसायचाय. र्‍हायलेलं घेऊन जाऊ कुठं?”

मामी आत गेली. थोड्या वेळानं आतून म्हणाली, “घरात नाय जमायचं. शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असतो. कारखान्यात चला. जेवणाच्या सुट्टीत शांत असतं.”

मामी काळुरामशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळा रंग झाला की शेवटी डोळे, आणि ते काम प्रत्येकाला देत नाहीत. गणपती जवळ आले होते, त्यामुळे रविवारीही काम चालू होतं, रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर सारखा धडधडत होता. सुट्टी झाली तसा तो बंद झाला आणि कानात एकदम पोकळी झाली. काळुरामशेठ डबा घेऊन बाहेर जाताना म्हणाले, “रघू, दोनच्या ठोक्याला मशीन चालू. मग तुझा रेडा असो का बैल.”

मागच्या खोलीत तयार मूर्ती रांगेनं ठेवलेल्या. प्लॅस्टिक पांघरलेल्या, खाली पेंढा. मामानं एक टाळी वाजवली, कान दिला आणि खूश झाला. “बघ, घुमत नाय. पेंड्यानं आवाज खाल्ला. याच्यापायी स्टुडिओवाले किती खर्च करतात.”

मामीनं फोन धरायचा, मी खूण करायची, मामानं वाचायचं. असं ठरलं आणि मामानं वाचलं, आणि ते इतकं वाईट झालं की काय सांगू. बँकेतली सूचना वाचावी तसं. त्याचं त्यालाच कळलं.

“नाय गो. तोंड पायजे.”

“कसलं तोंड?”

“मी कदी कागदाकडं बघून बोललोय का? समोर पडद्यावर रेडोबाचं तोंड हलायचं, त्याच्यात आपला आवाज बसवायचा. त्याला लिप म्हनतात. तोंड उघडलं की माझा आवाज उघडतो. तोंडच नाय तर आवाज टाकू कुठं?”

मग मी म्हणाले, “मी होते तोंड.”

“तू?”

“मला सगळं पाठ आहे. मी आवाज न काढता तोंड हलवते. तू बसव.”

मी त्याच्यासमोर एका रिकाम्या पाटावर बसले. गाल फुगवले, खालचा जबडा पुढं काढला, आणि बोलायच्या आधी रवंथ करतात तसं दोनदा फिरवलं, कारण रेडोबा तसंच करायचा. “कोन हाय रं खाली?” हे नुसतं तोंडानं म्हटलं. आणि माझ्या तोंडातून रेडोबाचा आवाज आला! खरंच. तो मामाच्या गळ्यातून निघाला असेल, पण मला तो माझ्या दातांच्या मागून आल्यासारखा वाटला.

दुसऱ्या वाक्याला मामीला हसू फुटलं. तिला ते बघवेना. भाचीचं तोंड आणि नवऱ्याचा रेडा. मामी हसली म्हणून मामा हसला. मामाचं हसणं म्हणजे विहिरीवरची मोटार चालू होते तसं, आधी नुसती हवा ओढल्याचा आवाज आणि मग एकदम धबधबा. गळा दुखत होता तरी तो टॉवेल धरून हसत होता. मी तोंड तसंच फुगवून बसले होते, त्यामुळे ती दोघं आणखीच.

“खराब झाला,” मामा डोळे पुसत म्हणाला. “उडव. खराब टेक ठेवायचा नाय, हा स्टुडिओचा नेम. नायतर चुकून तोच लागतो.”

मी उडवला. फोनमध्ये जागाही नव्हती, म्हणून कचऱ्यातूनही काढला. दुसरा टेकही “आधी पाय धू”पाशी हसण्यातच गेला. तोही उडवला.

तिसऱ्या टेकच्या आधी मामा पाणी प्यायला. गिळायला त्याला वेळ लागला. मामी म्हणाली, “आता हसायचं नाय कुणी.” तिनं फोन दोन्ही हातात धरला. डोळा काढताना ती श्वास धरते, तसा धरला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

तिसरा टेक फार सुंदर चालला होता. मी पुढं, आवाज माझ्यामागं, कुठंच फट नाही. पेण दिसलं, गच्च्या दिसल्या, बायका ओरडल्या. आता शेवटचं वाक्य. मी श्वास घेतला आणि तोंडानं म्हटलं, आलो रं आलो.

आवाज आला नाही.

मी परत तोंड उघडलं. आलो रं.

“नको,” रेडोबा म्हणाला. रेडोबाच्याच आवाजात. “खाली नको गो बाय. वरनंच बरं दिसतंय.”

हे माझ्या पानांत नव्हतं. मी मामाकडं बघितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, डोळ्यांकडं नाही. त्याला पुढं बोलायचं होतं आणि त्यासाठी तोंड पाहिजे होतं. मी काय करावं ते मला कळेना, म्हणून मी ते हलवलं. काहीच न म्हणता, नुसतं उघडलं आणि मिटलं.

“खाली आलो की मी कोन?” रेडोबा म्हणाला. आणि मग तो आवाज मधेच कुठंतरी सुटला आणि मामाचा झाला. “मला भ्या वाटतं गो भाविका. मरायचं नाय. मरायचं काय, सगळीच मरतात. पन ही भांडल आन मी नुसता बगत बसन? पोरगा पकडीतनं सुटंल आन मी गप? ही सांगते मी झोपंत बोलतो. मग आता झोपंत काय करीन मी?”

माझं तोंड हलत होतं. गाल भिजले होते तरी हलत होतं.

तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की मामीनं अंगठा उचलला आणि फोनवर ठेवला. लाल ठिपका गेला. तिनं फोन खाली केला आणि पोटाशी धरला.

मला ओरडायचं होतं. मामी, चालू ठेव! शेवट राहिलाय! परत हा आवाज मिळणार नाही, आज रविवार आहे! एक सेकंद तोंडाचं रेडोबापण सोडलं असतं तर सगळं सांगता आलं असतं. पण तोंड थांबलं असतं तर मामा थांबला असता. म्हणून मी मामीकडं बघितलं नाही. मी जबडा पुढं काढून तोंड हलवत राहिले, आणि मामा बोलत राहिला.

तो काय काय बोलला ते सगळं इथं लिहीत नाही. आईबद्दल बोलला, ते दोघं लहानपणी खाडीवर जायचे त्याबद्दल. मामीला तो, तुला मूल देऊ शकलो नाय, असं म्हणाला आणि मामी म्हणाली, “पुरे हो,” पण तो बोलतच राहिला. आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी मला शब्द कळतच नव्हते, नुसता श्वास येत होता, तरी मी त्याच्यासाठी तोंड उघडत होते. मग बाहेर कंप्रेसर चालू झाला, धडधडधड, आणि त्यात काहीच ऐकू येईना.

मामा उठला. माझ्या गालाला हात लावला आणि दोन बोटांनी माझा पुढं आलेला जबडा मागं ढकलला, खेळण्याचा ढकलावा तसा.

“र्‍हाऊ दे त्याला वर,” कानाशी येऊन म्हणाला.

बाहेर पडल्यावर मी मामीवर ओरडले. रस्त्यात. मी कधीच मोठ्यांवर ओरडत नाही. “का बंद केलंस? त्याचा आवाज होता तो!”

मामी चालताना थांबली नाही. “लोक त्याला हसायला बगतात गो,” ती म्हणाली. “तेच बगू दे. हे माजं हाय.”

“आणि शेवट?”

“तुजा शेवट चांगला हुता. पापडांचा.” थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, “पन त्याला नाय जमला. त्याला काय करायचं?”

रोह्याला येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. सोमवारी माहिरानं फाइल ऐकली. पेण दिसतं, गच्च्या दिसतात, बायका ओरडतात, रेडोबा म्हणतो वरनंच बरं दिसतंय, मग मामा थोडा बोलतो आणि झोपेतल्या बोलण्यापाशी येऊन तुटतं. तिनं कानातून वायर काढली आणि बराच वेळ कंपासपेटी उघडझाप करत बसली. मग म्हणाली, “मी यावर चित्रं नाय काढणार हां.”

“नकोच काढू.”

“रागावलीस?”

“नाय गो.”

ऑपरेशन झालं. नीट झालं. गाठ सगळी निघाली असं डॉक्टर म्हणाले आणि आईनं देवापुढं साखर ठेवली. पुढच्या रविवारी मला हॉस्पिटलात घेऊन गेले.

मामा खाटेवर टेकून बसला होता. नाकात नळी, गळ्याला पुढं भोक, त्यावर जाळीचं कापड. श्वास तिथून येत-जात होता. आम्हाला सगळं समजावून दिलं होतं. बोलणं जाईल हे माहीत होतं. पुढं कधीतरी यंत्र लावून, शिकून थोडंफार बोलता येईल हेही सांगितलं होतं. मी तयारी करून गेले होते. रडायचं नाही, गप्प बसायचं नाही, दोघांच्या वाटचं मी बोलायचं.

म्हणून मी त्याला शाळेतलं सांगायला लागले. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात दाखवायला जिवंत चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, आणली होती. ती टोपलीतून सुटली आणि नेमकी बाईंच्या पर्समध्ये शिरली. पर्सची चेन अर्धी उघडी. सगळी पोरं बाकांवर. आणि तेवढ्यात पर्समध्ये बाईंचा फोन वाजायला लागला. बाई म्हणाल्या, “उचला रे कोणीतरी, माझ्या सासूबाई आहेत!”

मी बाईंचा आवाज काढला, चिंबोरीचे नांगे दाखवले, मला वाटतं मी बरं केलं, कारण मामाचं तोंड उघडलं. खांदे वर गेले. पोट हललं. आणि गळ्याच्या भोकातून फक् फक् करून हवा आली. जाळीचं कापड वर उडालं, खाली बसलं, परत उडालं. बस. तेवढंच. तोंड पूर्ण उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि खोलीत पंख्याचा आवाज.

बोलणं जाईल हे सगळ्यांनी सांगितलं होतं. हसणंही जाईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

मामाच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. तो एकदम थांबला आणि हात गळ्याकडं नेला, काही सांडलंय का बघावं तसा. मग त्यानं आमच्याकडं बघितलं.

मी मामीकडं बघितलं, मामीनं माझ्याकडं. त्या दोन टेकमध्ये तो पोटभर हसला होता, आणि ते खराब म्हणून मी माझ्या हातानं उडवले होते. जुन्या भागांमध्ये रेडोबा हसतो, पण ते रेडोबाचं हॉं हॉं आहे. माईकवर मामा कधी हसायचा नाही, लोकांना हसवायचा. ती मोटार चालू झाल्यासारखं हसणारा माणूस कुठंच साठवलेला नव्हता. हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं आणि दोघींनीही तोंडातून काढलं नाही.

“नका हसू हो,” मामी म्हणाली, “टाके हायत.” आणि मग स्वतःच माझ्याकडं वळून, “उचलला का गो कुनी फोन?”

मी सांगितलं. उचलला, चिंबोरीनं. तिच्या नांग्यानं बटण दाबलं गेलं आणि सासूबाई पर्समधून सगळ्या वर्गाला विचारायला लागल्या, भाजी कुठली करायची.

मामाचे खांदे परत हलले. कापड उडालं. मामीनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. तिचंही अंग गदगदत होतं, ती हसत होती, खूप हसत होती, पण बाहेर काही येऊ देत नव्हती. त्या खोलीत तिला आपल्या एकटीच्याच हसण्याला आवाज नको होता.

मी पुढचं हळू आवाजात सांगितलं.